जावेचे दोन फ्लॅट आणि आपल्या घराची गच्ची

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं आहे. नवरा कुपवाडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर, स्वतः मिरजेच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. दोघांचे मिळून महिन्याला ७४ हजार हातात येतात, घरखर्च आणि मुलीची शाळा-क्लास धरून ४२ हजार जातात. राहायला सांगलीच्या विश्रामबागेत सासऱ्यांनी १९९६ साली बांधलेलं दोन गुंठ्यांतलं बैठं घर, सासू-सासरे सोबत. जवळ ९ लाखांची एफडी आणि १४ तोळे सोनं. थोरल्या जावेने पुण्यात दोन फ्लॅट घेऊन भाड्याने दिलेत आणि "आपण नुसता पगार खात बसलोय" हे यांना आता झोपू देत नाही. एजंटने ३८ लाखांचा तयार टू बीएचके दाखवलाय, ३० लाख कर्ज मिळेल, ९ हजार भाडं येईल, बाकीच्याला एफडी मोडायची आणि सोनं तारण ठेवायचं असा बेत. नवरा म्हणतो एवढं कर्ज नको, त्यापेक्षा ९ लाखांत दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन टाकू. यावरून महिनाभर घरात धुसफूस चाललीय. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: "सासरे म्हणतात वर एक मजला चढवा, ठेकेदाराने साडेतेरा लाख सांगितलेत, पण ती काय इन्व्हेस्टमेंट म्हणायची का?"

ताई, आधी जाऊबाईंचं बघू, कारण तुमच्या पत्रात फ्लॅटपेक्षा त्याच जास्त वेळा आल्यात. मोजलं मी, सात वेळा. राग मानू नका, माझ्यापण नणंदेचा बंगला आहे, मला कळतंय.

"भाड्यातूनच हप्ता फिटतो" असं त्या म्हणाल्या म्हणे, आणि त्या खोटं बोलत नसणार. पण त्यांचा पहिला फ्लॅट २०११ चा आहे असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हाच्या किमतीवर तेव्हाचं कर्ज, त्याचा हप्ता बऱ्यापैकी तेवढाच राहिला आणि भाडं मात्र दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं, त्यामुळे आज बघणाऱ्याला वाटतं की घर स्वतःचं स्वतः फेडतंय. पहिली सहा-सात वर्षं त्यांनी खिशातून किती घातले हे त्या सणाला जेवायला बसल्यावर सांगणार नाहीत, कुणीच सांगत नाही. दुसऱ्या फ्लॅटवर अजून किती कर्ज बाकी आहे हे तुम्हाला माहितीय का? विचारलंत कधी? मी बँकेत २७ वर्षं होते, त्यातली जास्तीत जास्त कर्ज खात्यात, आणि माझ्या टेबलासमोर बसलेल्या लोकांनी शेजाऱ्याच्या फ्लॅटची किंमत पैशासकट सांगितली पण त्याच्या कर्जाची बाकी कुणालाच ठाऊक नसायची.

आता तुमचा हिशोब. कागद-पेन घ्या, मोबाईल नको.

फ्लॅट ३८ लाखांचा. आपल्या महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभार धरून ६ टक्के पडतं, एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर त्यात १ टक्का सूट आहे, म्हणजे एक लाख ९० हजार किंवा दोन लाख २८ हजार. नोंदणी फी वर ३० हजार. कंप्लिशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळालेला फ्लॅट असेल तर जीएसटी नाही, पण "मिळेलच आता" म्हणत असतील तर ते मिळालेलं नसतं, कागद हातात घेऊन बघा. मग पार्किंग, मीटर, सोसायटीचं डिपॉझिट, वकील. भाडेकरूला द्यायचं तर पंखे, ट्यूबा, गीझर, खिडक्यांना ग्रील, किचनला निदान दोन ट्रॉल्या. मी कितीही हात आखडता घेतला तरी सगळं मिळून ४३ लाखांच्या जवळ जातंय. बँक देणार ३०, म्हणजे तुम्ही १३ घालायचे. एफडी ९. राहिलेले ४ सोन्यावर. सोनेतारणाचं व्याज सुरू झालं ते वेगळंच.

३० लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता बसतो २६ हजार ३५ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले २१ हजार २५० नुसते व्याजाचे, मुद्दल कमी होणार पावणेपाच हजारांनी. भाडं ९ हजार, पण मेंटेनन्स, घरपट्टी, वर्षातून एखादा महिना रिकामा, कधी नळ कधी रंग असं काढलं की हातात ७ हजार धरा. म्हणजे दर महिन्याला १९ हजार तुमच्या पगारातून जाणार. आज शिल्लक राहतात ३२ हजार, त्यातले १३ उरतील, त्यातून सोन्याचं व्याज, आणि मग मुलगी दहावीला गेली, सासऱ्यांना काही झालं, तुमच्या हॉस्पिटलने दोन महिने पगार उशिरा केला की झालं. सासरे ७१ वर्षांचे आहेत आणि त्यांची मेडिक्लेम आहे का नाही याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. तुम्ही स्वतः नर्स आहात, एका आयसीयूचं बिल किती होतं ते मी तुम्हाला काय सांगू.

एक आकडा मात्र नीट बघा, कारण तो एजंट दाखवत नाही. पहिल्या वर्षी व्याज जाणार अडीच लाखांच्या पुढे, भाड्याचे हाती येणार ८४ हजार. तुमचे स्वतःचे १३ लाख अडकले, ते पावणेसात टक्क्यांच्या एफडीत असते तर ८७-८८ हजार आले असते. सगळं धरलं तर त्या फ्लॅटची किंमत दरवर्षी साडेसहा-पावणेसात टक्क्यांनी वाढली तर तुम्ही जिथे आहात तिथेच राहता. फायदा त्याच्या पुढे सुरू होतो. आणि एजंट जे म्हणाला की "मॅडम टॅक्स केवढा वाचेल", तो टॅक्स तुम्ही भरताय कुठे? २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे, तुमच्या दोघांचे पगार वेगवेगळे धरले तर एकही त्याच्या अर्ध्यावरही जात नाही. जो कर नाहीच तो वाचवायला ३० लाखांचं कर्ज काढायचं म्हणजे डोकं दुखत नसताना गोळी घेण्यासारखं झालं.

"पण जागेची किंमत कधी कमी होत नाही" हे पुढचं वाक्य. मला माझीच गोष्ट सांगावी लागेल, जरा लाजिरवाणी आहे कारण मी बँकेतली.

आम्ही २००८ साली सांगलीत स्टँडच्या पलीकडे एक वन बीएचके घेतला, साडेसात लाखांचा, तळमजला. तळमजला का, तर भाडेकरूला जिने नकोत, लवकर लागेल. लागलापण. मी एक वही ठेवली होती, हिरवी, दोनशे पानी, त्यात भाडं किती आलं, कुठल्या महिन्यात रिकामं होतं, प्लंबरला किती दिले सगळं लिहायचे. १३ वर्षांत २२ महिने फ्लॅट रिकामा होता. एक भाडेकरू जाताना पंखे आणि बाथरूमचा नळसुद्धा काढून घेऊन गेला, नळ कशाला न्यायचा माणसाने हे मला आजवर कळलेलं नाही. आणि मग २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आठ दिवसांनी मी आणि आमचे हे कुलूप उघडायला गेलो तर दार फुगून बसलेलं, सुतार आणून काढावं लागलं. आत चिखल, आणि भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर एक सरळ रेघ, जशी फुटपट्टी लावून मारावी. भाडेकरूचं कुटुंब गावी निघून गेलं, त्यांच्याकडे भाडं मागायचं मला तोंड नव्हतं. हप्ता मात्र ५ तारखेला कापला गेला, ५ तारखेला पूर आला का ओसरला हे कॉम्प्युटरला काय.

२०२१ च्या सुरुवातीला १५ लाखांना विकला. लोक म्हणाले, वा, दुप्पट झाले. झालेच की. पण पैसे दुप्पट व्हायला जितकी वर्षं लागली त्याने ७२ ला भागलं की वर्षाचा दर अंदाजे कळतो, ७२ ला १३ ने भागा, साडेपाच टक्के येतात. त्या काळात माझी साधी एफडी याच्यापेक्षा जास्त देत होती आणि तिला नळ लागत नव्हता. भाड्याचे आले ते दुरुस्तीत, घरपट्टीत, रिकाम्या महिन्यांत आणि पुरानंतरच्या रंगात बरेचसे गेले. तोटा झाला असं मी म्हणणार नाही, पण "फ्लॅटमध्ये पैसा केला" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. (विकल्यानंतर चार-पाच महिन्यांतच, जुलैत पुन्हा पूर आला. घेणाऱ्याला मी कुठल्या रेघेपर्यंत पाणी आलं ते दाखवून विकला होता, तेवढं समाधान.)

म्हणून सांगते, सांगलीत फ्लॅट बघायला जाल तेव्हा बिल्डरला विचारू नका, समोरच्या पानटपरीवाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा, २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत होतं. आणि नदीचंच पाणी बघू नका, आपल्याकडे काही भाग असे आहेत की पूर न येतासुद्धा पावसाळाभर पाणी साचून राहतं.

आता तुमच्या मिस्टरांचा प्लॉट. त्यांचं "कर्ज नको" हे मला पटतंय, पुढचं नाही. ९ लाखांत दोन गुंठे, सातबारावर "सामाईक नाव लागेल" असं एजंट म्हणाला, बरोबर ना? इथेच थांबा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, शेतजमिनीतून असे छोटे तुकडे पाडून विकायला १९४७ पासून तुकडेबंदी कायदा आडवा येतो, त्यात अलीकडे सवलती देतायत, नियम बदलतायत, पण "बदलणार आहे" यावर आपले ९ लाख टाकायचे नसतात. सामाईक सातबारा म्हणजे दहा जणांत तुमचं एक नाव, तुमचा तुकडा कोणता ते कागदावर नाहीच, उद्या विकायचा झाला की बाकीच्या नऊ जणांच्या सह्या. शिवाय शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते, तुमच्या घरात कुणाच्या नावावर शेती नसेल तर तिथेच विषय संपला. आपल्या सांगली-मिरज-कुपवाडला गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटांचा, अनुभव काय कमी आहे का, २००१ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि लोक अजून प्रमाणपत्रासाठी चकरा मारतायत. प्लॉट घ्यायचाच तर मंजूर लेआउटमधला, एनए म्हणजे बिगरशेतीचा आदेश बघून, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून. तो ९ लाखांत येणार नाही. आणि प्लॉट भाडं देत नाही हे सांगायला नको.

आता ती शेवटची ओळ. मला तर वाटतं तुमचं पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं.

सासरे एसटीत होते, त्यांनी १९९६ साली स्वतःच्या पैशांनी जागा घेऊन घर बांधलं. तुम्ही म्हणता घरात कधी पुराचं पाणी आलं नाही. वर ६०० चौरस फुटांचं बांधकाम, जिना-टाकी-वेगळं मीटर धरून साडेतेरा लाख. तिथे ७ हजार भाडं धरा, म्हणजे वर्षाला ८४ हजार, म्हणजे घातलेल्या पैशांवर सहा टक्क्यांच्या वर. तुमच्या ३८ लाखांच्या फ्लॅटचं सगळं भाडं काहीही न कापता धरलं तरी पावणेतीन-तीन टक्क्यांच्या आत राहतं. फरक कशामुळे पडला, तर जागेचे पैसे सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वीच भरलेत. एफडीतले ६ लाख घाला, ३ लाख अडीअडचणीला तसेच ठेवा, साडेसात लाख कर्ज काढा, दहा वर्षांना हप्ता ९ हजार ३०० च्या आसपास, त्यातले ७ भाड्यातून. सोनं कपाटातून हलत नाही. भाडेकरू शोधायला एजंटपण नको, तुमच्याच हॉस्पिटलात बाहेरगावच्या सिस्टर्स खोली शोधत असतात आणि विश्रामबागेत दोन-दोन मोठी कॉलेजं आहेत.

पण यात तीन गाठी आहेत, त्या न सोडवता वाळू टाकू नका.

पहिली, घर पेलतंय का. १९९६ चं बांधकाम आरसीसी कॉलमवर आहे का नुसत्या भिंतींवर, हे ठेकेदाराने बूट आपटून सांगायचं नसतं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, काही हजार घेईल पण ते द्या. महापालिकेची परवानगी, आणि जागा गुंठेवारीतली असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का ते बघा, नसेल तर बँक दारात उभं करणार नाही. जिना बाहेरून घ्या, भाडेकरू सासूबाईंच्या स्वयंपाकघरातून जायला लागला तर सहा महिन्यांत तुम्हीच त्याला काढाल.

दुसरी, घर तारण जाणार. सासरे सहकर्जदार म्हणून लागतील. म्हातारपणी त्यांचं राहतं छप्पर तुमच्या हप्त्याला बांधलं जातंय हे त्यांना समजावून सांगा आणि म्हणूनच कर्ज लहान ठेवा, आणि मिस्टरांच्या नावावर तेवढ्या रकमेचा टर्म विमा आधी काढा, मग कर्ज. भाडेकरू ठेवलात की करार नोंदवणं ही महाराष्ट्रात मालकाची जबाबदारी आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं स्पष्ट आहे, स्टॅम्पपेपरवर लिहून कपाटात ठेवलेला करार चालत नाही.

तिसरी गाठ म्हणजे, ताई, तुमच्या जाऊबाई.

वरचा मजला तुम्ही तुमच्या पैशांनी बांधणार, पण जमीन सासऱ्यांची. त्यांना दोन मुलगे आणि इचलकरंजीला एक मुलगी. जागा त्यांची स्वकष्टाची आहे म्हणून ती कुणाला द्यायची हा त्यांचा अधिकार, पण त्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही तर त्यांच्या पश्चात सासूबाई आणि तिन्ही मुलांचा सारखा हक्क, त्यात तुमचा साडेतेरा लाखांचा मजलासुद्धा आला. मी बँकेत अशी प्रकरणं बघितलीत की खाली एक भाऊ, वर दुसरा, आणि मध्ये स्लॅब कुणाचा यावर कोर्टात तारखा. म्हणून आधीच बसा. गणपतीला पुण्याची मंडळी येतातच, नणंदेला पण बोलवा, आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर सासऱ्यांनाच विषय काढू द्या, तुम्ही काढू नका. सासऱ्यांना मान्य असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्राने वरचा हक्क मुलाच्या नावे करता येतो, राहतं घर मुलाला-मुलीला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. किंवा मृत्युपत्र, पण ते कधीही बदलता येतं हे लक्षात ठेवा. कुठला कागद बसतो ते वकिलाला विचारा, घरातल्या "एवढ्याला कशाला कागद" म्हणणाऱ्यांना विचारू नका. आणि बदल्यात खालच्या घरात थोरल्या दिरांचा आणि नणंदेचा वाटा राहील हे तुम्ही स्वतःहून बोललात तर बैठक निम्मी जिंकलीत.

मला माहितीय हे जड जाणार. ज्यांच्या बरोबरीला यायचं म्हणून फ्लॅट बघत होतात त्यांच्याकडेच जाऊन "आम्हाला वर बांधू द्या" म्हणायचं. पण दोन फ्लॅटवाल्या जाऊबाईंना विश्रामबागेतल्या त्या गच्चीचं किती पडलंय, हेसुद्धा तुम्हाला माहिती नाही, तुम्ही फक्त धरून चाललाय. कदाचित त्या म्हणतील बांधा की, आम्ही कुठे येतोय. कदाचित नाही म्हणतील. नाहीच म्हणाल्या, किंवा इंजिनिअर म्हणाला घर पेलणार नाही, तर तुमचं काही बिघडलेलं नाही, ३२ हजारांतले १५ हजार दर महिन्याला बाजूला टाका, थोडे पीपीएफला (२०२० च्या एप्रिलपासून दर ७.१ टक्क्यांवर आहे), थोडे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत, पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून नको, तिथे बँकेसारखा ५ लाखांचा ठेव विमा नसतो. तीन वर्षांनी ९ लाखांचे १५-१६ झालेले असतील, तेव्हा सोन्याला हात न लावता फ्लॅट बघा, आणि बघाल तेव्हा सहा महिन्यांचा हप्ता वेगळा काढून ठेवल्याशिवाय सही करू नका.

मिस्टरांशी धुसफूस थांबवायला एक करा, हे पत्र त्यांना वाचायला द्या पण प्लॉटचा भाग आधी मोठ्याने वाचू नका. तेही घाबरूनच काहीतरी स्वस्त शोधतायत.

आणि एक राहिलं. एजंट ५१ हजार टोकन मागतोय, "दोन पार्ट्या लाईनीत आहेत" असं म्हणतोय हे तुम्ही लिहिलंय पण दिलं का नाही ते लिहिलं नाही. दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर पावतीवर परतीची अट काय लिहिलीय ते वाचून मला पुन्हा कळवा, पावती नुसती कोऱ्या कागदावर असेल तरीही कळवा.